मोल: वजन करून नग मोजायची रीत

वरुड तालुक्यातल्या, अकरावी सायन्सला असलेल्या एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: “सर, मोल म्हणजे वजन, आकारमान की नुसता आकडा? वहीत तिन्ही लिहिलं आहे. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, ग्रॅममधलं रेणुवस्तुमान आणि २२.४ लिटर. सूत्रं पाठ आहेत, पण गणितात कोणतं कुठं लावायचं तेच कळत नाही. आणि एवढे अणू मोजले तरी कोणी?”

मोल हा आकडा आहे. एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग, मग ते अणू असोत, रेणू असोत, आयन असोत की इलेक्ट्रॉन. ग्रॅम आणि लिटर या त्या आकड्यापर्यंत पोचायच्या वाटा आहेत. ग्रॅमची वाट घन, द्रव, वायू सगळ्यांना चालते. लिटरची ही वाट फक्त वायूंसाठी, आणि तीही तापमान व दाब सांगितला असेल तरच. एकाच मापाची ही तीन नावं आहेत असं समजून तू त्यांची अदलाबदल करतेस, तिथेच गणित फसतं.

हा आकडा लागतो कशाला? अभिक्रिया नगावर चालते म्हणून. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात, हे समीकरण ग्रॅमबद्दल अवाक्षरही काढत नाही. पण आपल्या हातात असतो काटा, आणि काटा दाखवतो ग्रॅम. समीकरणाची भाषा नगांची, काट्याची भाषा वजनाची. मोल या दोघांमधला हिशेब जुळवतो.

हाच हिशेब तुमच्या घरी दर जूनमध्ये होतो. सोयाबीन ४५ सेंमी तासात, दोन झाडांत ५ सेंमी ठेवून पेरायचं तर हेक्टरी साधारण ४.४४ लाख झाडं बसतात. कोणताही कास्तकार दाणे मोजत बसत नाही. १०० दाण्यांचं वजन घेतलं आणि ते १२ ग्रॅम भरलं, तर ७५ किलो बियाण्यात ६.२५ लाख दाणे आहेत. उगवण ७० टक्के धरली तर ४.३७ लाख झाडं उभी राहतील. दाणा जाड असेल आणि १०० दाणे १४ ग्रॅम भरत असतील, तर तेवढ्याच झाडांसाठी साडेसत्त्याऐंशी किलो बियाणं लागेल. मोलच्या गणितात १०० दाण्यांच्या जागी ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात नग येतात आणि १०० दाण्यांच्या वजनाच्या जागी येतं मोलार वस्तुमान, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन. रीत तीच. दाण्यांसारखे अणूही सगळे सारख्या वजनाचे नसतात, म्हणून तिथेही सरासरीच घ्यावी लागते. क्लोरीनचं वस्तुमान ३५.४५ असं अर्धवट का, तर ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे अणू निसर्गात साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेले असतात म्हणून.

आता हाच आकडा का निवडला? कार्बन-१२ च्या एका अणूचं वस्तुमान १२ एकक धरून बाकी सगळ्या अणूंची वस्तुमानं ठरवली जातात. त्यातलं एक एकक म्हणजे १.६६०५ गुणिले १० चा उणे २४ वा घात ग्रॅम. या एककाने १ ग्रॅमला भागलं की ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात येतो. म्हणजे आकडा असा निवडला आहे की एका अणूचं वस्तुमान एककात जितकं, तितकेच ग्रॅम एका मोलचे भरावेत. पाण्याचा रेणू १८ एककांचा, पाण्याचा मोल १८ ग्रॅमचा. सोय म्हणून ठरवलेली गोष्ट आहे, त्यात गूढ काही नाही. हा आकडा डोळ्यासमोर आणायच्या नादी लागू नकोस. परीक्षेतल्या दहातल्या आठ गणितांत तो वापरावाच लागत नाही; ग्रॅममधून मोल आणि मोलमधून ग्रॅम एवढ्यावर काम भागतं. “रेणूंची संख्या काढा” किंवा “अणूंची संख्या काढा” असं स्पष्ट विचारलं असेल तरच त्याने गुणायचं.

जुन्या पुस्तकात “१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके नग म्हणजे एक मोल” अशी व्याख्या दिसेल. १९७१ पासून ती चालत होती. २० मे २०१९ पासून व्याख्या उलटी फिरवली: आकडाच पक्का ठरवला आणि १२ ग्रॅम ही मोजून काढायची गोष्ट झाली. व्यवहारात फरक नवव्या-दहाव्या दशांशस्थळी पडतो, त्यामुळे तुझ्या गणितात काहीही बदललेलं नाही. फक्त परीक्षेत व्याख्या विचारली तर नवी लिही.

मोजले कोणी, हा चांगला प्रश्न आहे. अ‍ॅव्होगॅड्रो यांनी मोजले नाहीत. सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला, सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच असतात एवढं त्यांनी १८११ मध्ये मांडलं; ते किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिला बऱ्यापैकी अंदाज लोश्मिट यांनी १८६५ मध्ये काढला. पुढे ज्याँ पेरँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या हालचालीवरून तो पक्का केला आणि १९०९ मध्ये या संख्येला अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव सुचवलं. अलीकडची रीत तर तुला कागदावर करून बघता येईल. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू घनाकृती खोल्यांत रचलेले असतात. एका खोलीची बाजू क्ष-किरणांनी मोजली तर ५.४३१ गुणिले १० चा उणे ८ वा घात सेंमी येते आणि खोलीमागे अणू भरतात ८. बाजूचा घन केला की १.६०२ गुणिले १० चा उणे २२ वा घात घन सेंमी. घनता २.३२९ ग्रॅम प्रति घन सेंमी, त्यावरून एका खोलीचं वजन ३.७३१ गुणिले १० चा उणे २२ वा घात ग्रॅम. सिलिकॉनचं मोलार वस्तुमान २८.०८५५ ग्रॅम, म्हणून खोल्या किती ते भागाकाराने काढायचं आणि ८ ने गुणायचं. उत्तर ६.०२२ वर जाऊन बसतं. २०१९ चा आकडा ठरवताना जवळपास शुद्ध सिलिकॉन-२८ चे किलोभर वजनाचे, अत्यंत गुळगुळीत गोळे घासून हीच मोजणी कमालीच्या काटेकोरपणे केली होती.

पुढची चूक सगळ्यात जास्त वेळा होते. “ऑक्सिजनचा १ मोल” हे वाक्य अपुरं आहे. ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅमचा, रेणूंचा ३२ ग्रॅमचा. “युरियाचा १ मोल” म्हणजे युरियाचे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात रेणू, वजन ६०.०६ ग्रॅम, पण त्याच ढिगात नायट्रोजनचे अणू २ मोल, हायड्रोजनचे ४ मोल, कार्बनचा १ आणि ऑक्सिजनचा १ मोल. नायट्रोजन २८.०१ ग्रॅम, म्हणून शुद्ध युरियात ४६.६ टक्के. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगवर ४६ टक्के लिहिलेलं असतं ते इथून आलं. थोडा ओलावा आणि इतर अंश यांची कसर धरून आकडा खाली ठेवला आहे. बॅग म्हणजे सुमारे ७५० मोल युरिया, १५०० मोल नायट्रोजनचे अणू, वावरात पडणारं नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास.

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या बॅगवरचा १८:४६, म्हणजे नत्र १८ आणि स्फुरद ४६ टक्के, वाचताना मात्र कृषी पदविकेची मुलंही अडखळतात. ४६ टक्के स्फुरद म्हणजे बॅगेत ४६ टक्के फॉस्फरस असा अर्थ घेतला तर फसगत होते. तो ४६ चा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात दिलेला असतो, आणि गंमत अशी की पेंटॉक्साइड त्या बॅगेत चिमूटभरही नसतो. तशी मांडायची जुनी पद्धत आहे एवढंच. ५० किलोच्या बॅगेत २३ किलो पेंटॉक्साइड धरला तर मोलार वस्तुमान १४१.९४ ने भागून १६२ मोल. प्रत्येक रेणूत फॉस्फरसचे २ अणू, म्हणजे ३२४ मोल फॉस्फरस. त्याला ३०.९७ ने गुणलं की १०.०४ किलो. बॅगवर ४६ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष फॉस्फरस २० टक्केच.

विहिरीच्या पाण्याच्या रिपोर्टात हीच चूक महागात पडू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. काही प्रयोगशाळा रिपोर्टात “नायट्रेट” लिहितात, काही “नायट्रेट-नायट्रोजन”. दुसऱ्या प्रकारच्या रिपोर्टात १२ दिसले आणि ४५ पेक्षा कमी म्हणून सोडून दिलं, तर चुकलंच. नायट्रोजनचे १२ मिलिग्रॅम म्हणजे १२ ÷ १४ = ०.८५७ मिलिमोल. नायट्रोजनच्या प्रत्येक अणूमागे नायट्रेटचा एक आयन, म्हणजे नायट्रेटही ०.८५७ मिलिमोल; त्याला ६२ ने गुणलं की ५३ मिलिग्रॅम. पाणी मर्यादेच्या बाहेर आहे. गोठ्याजवळच्या किंवा खत भरपूर पडणाऱ्या वावरातल्या विहिरीचा रिपोर्ट वाचताना हे आधी तपासायचं.

आता मोल प्रत्यक्षात कसा वापरतात ते संत्र्याच्या बगीच्यात बघू. वरुड-मोर्शीकडे डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) आणि फळगळीच्या बुरशीसाठी बोर्डो मिश्रण सगळ्यांच्या ओळखीचं. एक टक्क्याचं माप तोंडपाठ असतं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. खोडाला लावायच्या पेस्टला तेच दोन्ही किलो आणि पाणी १० लिटर. एकास एक म्हटल्यावर वाटतं की मोरचूद आणि चुना बरोबरीने संपत असतील. मोल काढून बघ.

मोरचुदाच्या निळ्या खड्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे ५ रेणू अडकलेले असतात. हे स्फटिकजल धरून मोलार वस्तुमान २४९.६९ ग्रॅम. १००० ÷ २४९.६९ = ४.००, म्हणजे मोरचूद ४ मोल, तांबं ४ मोल. भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मोलार वस्तुमान ७४.०९, १००० ÷ ७४.०९ = १३.५ मोल. कळीचा न भिजवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, घेतला तर ५६.०८ ने भागून १७.८ मोल. तांब्याचं हायड्रॉक्साइड करायला तांब्याच्या १ मोलला चुन्याचा १ मोल पुरतो. म्हणजे ४ मोल मोरचुदाला ४ मोल चुना, वजनात भिजवलेला २९७ ग्रॅम किंवा कळीचा २२५ ग्रॅम. प्रत्यक्षात साका, म्हणजे मिश्रणात तयार होणारा न विरघळणारा गाळ, नुसत्या हायड्रॉक्साइडचा नसतो. चुना कमी पडला तर बेसिक कॉपर सल्फेट तयार होतं, त्यात ४ मोल तांब्याला ३ मोल चुनाही पुरतो. तरीही आपण टाकतो १३ मोलांच्या वर. तिप्पट, चौपट.

हा जास्तीचा चुना वाया जात नाही. चुना उघड्यावर पडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि ते या कामाला जवळजवळ निरुपयोगी. बाजारातल्या चुन्यात माती आणि खडेही असतात. शिवाय चुना पाण्यात फार कमी विरघळतो, साधारण तापमानाला लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. बाकीचा दुधासारखा तरंगत राहून हळूहळू कामाला येतो आणि जाड कण तर येतच नाहीत. अर्धा चुना असा निकामी निघाला तरी ६-७ मोल उरतात आणि तांबं पूर्ण बांधलं जातं. चुना कमी पडला तर मोकळं तांबं द्रावणात राहतं आणि कोवळी पानं करपतात. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत तांबं इथे मर्यादक अभिक्रियाकारक, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

म्हणून तर लोखंडाची परीक्षा घेतात. तयार मिश्रणात घासून चकचकीत केलेला खिळा किंवा विळ्याचं पातं दोन-चार मिनिटं बुडवून ठेवायचं. वर तांबूस थर आला तर मोकळं तांबं आहे: लोखंडाचा एक अणू द्रावणात जातो आणि तांब्याचा एक अणू पात्यावर बसतो. तांब्याचा अणू जड असल्यामुळे (६३.५५ विरुद्ध ५५.८५) पात्याचं वजन किंचित वाढतंही, पण घरच्या काट्याला ते दिसणार नाही. थर दिसला की चुन्याची निवळी नव्हे, चुन्याचं ढवळलेलं दुधाळ पाणीच थोडं थोडं घालायचं आणि पुन्हा पातं बुडवून बघायचं. मोरचूद लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत विरघळवलं तर हीच अभिक्रिया बादलीशी होते आणि तांबं फवाऱ्याऐवजी बादलीला चिकटतं. प्लास्टिकचं भांडं घ्यायचं. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना उरलेल्या अर्ध्या पाण्यात. चुना आधी भिजवून जाड फडक्याने गाळायचा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ढवळत ओतायचे, नाहीतर मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. ठेवलं की साक्याचे कण मोठे होत जातात आणि पानाला धरत नाहीत.

मोरचुदाच्या स्फटिकजलाचा घोळ परीक्षेत हमखास येतो. पाणी न धरता कॉपर सल्फेटचं मोलार वस्तुमान १५९.६१. हा आकडा घेऊन १ किलो निळ्या खड्यांचे मोल काढले तर ४ ऐवजी ६.२७ येतात, म्हणजे तांबं दीडपटीहून जास्त धरलं गेलं. निळ्या खड्यात वजनाने ३६ टक्के पाणीच असतं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत उघड्या राहिलेल्या मोरचुदाच्या कडा पांढुरक्या पडतात, कारण त्यातलं थोडं पाणी उडालेलं असतं. अशा किलोत तांबं किंचित जास्त भरतं. बाटलीवर पदार्थाचं नुसतं नाव न वाचता त्यापुढे किती पाणी लिहिलं आहे तेही वाच.

मोलचा खरा उपयोग कळायला घरी एक प्रयोग कर. लागेल खायचा सोडा, एक छोटी स्टीलची ताटली आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, सोनाराकडे असतो तसा. बेकिंग पावडर घेऊ नकोस. त्यात स्टार्च आणि आम्ल मिसळलेलं असतं. ताटली कोरडी करून तिचं वजन लिहून ठेव. त्यात ८.४ ग्रॅम सोडा पातळ पसर. खायच्या सोड्याचं मोलार वस्तुमान ८४.०१, म्हणजे हा ०.१ मोल झाला. मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं ताप, पूर्ण थंड होऊ दे आणि वजन कर. पुन्हा पाच मिनिटं ताप, थंड कर, वजन कर. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांब.

आता कागदावर तीन शक्यता मांडू. एक: दोन सोड्यांपासून एक सोडियम कार्बोनेट, एक पाणी आणि एक कार्बन डायऑक्साइड. मग ०.१ मोलपासून ०.०५ मोल कार्बोनेट उरेल, ५.३ ग्रॅम. दोन: एका सोड्यापासून एक सोडियम हायड्रॉक्साइड आणि एक कार्बन डायऑक्साइड, उरेल ०.१ मोल, ४.० ग्रॅम. तीन: सगळं उडून सोडियम ऑक्साइड; ०.०५ मोल, ३.१ ग्रॅम. तिन्ही समीकरणं कागदावर संतुलित होतात, त्यामुळे संतुलन बघून खरं कोणतं ते ठरत नाही. ताटलीत उरतं ५.३ च्या आसपास, आणि प्रश्न मिटतो. ०.१ ग्रॅमचा काटा असला तरी चालतो, कारण उत्तरांतला फरक त्याच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

उत्तर ५.९ आलं तर समीकरण चुकीचं समजू नकोस. घट व्हायला हवी होती ३.१ ग्रॅम, झाली २.५, म्हणजे सुमारे ८० टक्केच सोडा फुटला, आणखी ताप. ५.३ पेक्षा बरंच कमी आलं तर ढवळताना पूड उडाली असेल. ताटली गरम असताना काट्यावर ठेवली तर वर चढणाऱ्या हवेमुळे आकडा स्थिर राहत नाही आणि बहुधा कमी दाखवतो. पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवून सकाळी वजन केलं तर वाढलेलं दिसेल. सोडियम कार्बोनेट हवेतला ओलावा धरतं.

मर्यादक अभिक्रियाकारक ओळखताना मुलं ग्रॅमकडे बघतात: ज्याचे ग्रॅम कमी तो आधी संपणार. हे चूक. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३० ग्रॅम ऑक्सिजन घे. हायड्रोजन १.९८ मोल, ऑक्सिजन ०.९४ मोल. प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने, म्हणजे त्याच्या आधी लिहिलेल्या आकड्याने, भाग: हायड्रोजन १.९८ ÷ २ = ०.९९, ऑक्सिजन ०.९४ ÷ १ = ०.९४. भागाकार ज्याचा लहान, तो आधी संपतो. इथे साडेसातपट वजनाचा ऑक्सिजनच कमी पडला. दुसरी सवय सहगुणक वजनाला लावायची: “२ हायड्रोजन, १ ऑक्सिजन, म्हणजे २ ग्रॅमला १ ग्रॅम.” सहगुणक फक्त मोलला लागतात. ग्रॅम दिसले की आधी मोल कर, मग सहगुणक लाव, मग हवं असेल तर परत ग्रॅम कर. मधली पायरी गाळायची नाही.

२२.४ लिटरचं थोडक्यात. हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाचा. प्रमाण दाब १ बार धरला तर २२.७ लिटर. २७ अंशाला १ वातावरण दाबावर २४.६ लिटर, आणि आपल्याकडच्या ४५ अंशाच्या दुपारी २६.१ लिटर. वरच्या सोड्याच्या प्रयोगात ०.०५ मोल कार्बन डायऑक्साइड निघाला. ० अंशाला तो १.१२ लिटर, मे महिन्यात तुझ्या खोलीत १.३ लिटर. रेणू तेवढेच, जागा जास्त. आणि २२.४ पाण्याला लावू नकोस: पाण्याचा एक मोल १८ मिलिलिटरच्या आसपास, दोन मोठे चमचेही नाहीत. प्रश्नात तापमान दिलं नसेल आणि “प्रमाण स्थितीला” असं लिहिलं असेल, तर तुमच्या पुस्तकाने प्रमाण दाब कोणता धरला आहे ते बघून २२.४ किंवा २२.७ घे.

प्रॅक्टिकलमध्ये मोल येतो तो द्रावणाच्या रूपात. ०.१ मोलार, म्हणजे लिटरला ०.१ मोल, ऑक्झॅलिक आम्ल २५० मिलिलिटर करायचं असेल तर लागतात ०.०२५ मोल. बाटलीतले पांढरे खडे पाण्याच्या दोन रेणूंसकट असतात, मोलार वस्तुमान १२६.०७, वजन ३.१५ ग्रॅम. पाणी न धरता ९०.०३ घेतलं तर २.२५ ग्रॅम टाकशील आणि द्रावण सुमारे ०.०७ मोलारच होईल. २५० मिलिलिटर पाणी मोजून त्यात आम्ल टाकायचं नाही. थोड्या पाण्यात विरघळव, मेजपात्रात (खुणेच्या चंबूत, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये) ओत, बीकर दोन-तीनदा धुऊन ते पाणीही त्यातच घाल, आणि मग खुणेपर्यंत भर. शेवटचे थेंब ड्रॉपरने. मेजपात्रावर तापमान छापलेलं असतं. २७ अंशाचं मेजपात्र ४२ अंशाच्या प्रयोगशाळेत कोमट पाण्याने भरलं तर पाणी प्रसरण पावलेलं असल्यामुळे सुमारे अर्धा टक्का फरक पडतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला चालेल, पण विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट देणाऱ्याने सकाळी गार वेळेत भरावं.

सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण मात्र वजनावरून नेमकं करताच येत नाही. काट्यावर ठेवल्या ठेवल्या गोळ्या ओल्या होतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही घेतात. १ लिटरला ४ ग्रॅम अंदाजाने टाकायचे आणि खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाने ठरवायची. ०.१ मोलार आम्ल १० मिलिलिटर घेतलं, ते १ मिलिमोल. आम्लाच्या एका रेणूला हायड्रॉक्साइडचे २ लागतात, म्हणजे २ मिलिमोल. ब्युरेट २१.३ मिलिलिटरवर फिकट गुलाबी रंग देऊन थांबली तर २ ÷ २१.३ = ०.०९३९ मोलार. इथे बहुतेक मुलं एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू (तीव्रता गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं) हे सूत्र डोळे झाकून लावतात आणि ०.०४६९ लिहून मोकळी होतात. ते सूत्र पाणी घालून द्रावण पातळ करण्याचं आहे, किंवा एकास एक अभिक्रियेचं. बरोबर निम्मं उत्तर आलं की समज, हायड्रॉक्साइडचे दोन नग धरायचे राहिले.